ड्रोनचं पार्सल आणि एका हातातली छत्री

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी काही वर्षांपूर्वी पार्सल लॉकर बसवला. ड्रोनचा नव्हे, साधाच. कुरिअरवाल्याने पार्सल आत ठेवायचं, आपल्या मोबाइलवर ओटीपी यायचा, तो दाबला की कप्पा उघडायचा. निळा रंग, दिसायला देखणा. पण वायरिंगचा पाइप पश्चिमेकडून येत होता म्हणून बसवणाऱ्याने लॉकरचं तोंडही पश्चिमेला केलं. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर पडद्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही आणि जूनपासून पावसाचे सपकारे थेट कीपॅडवर. वॉचमनकाकांनी वर जुन्या फ्लेक्सचा पडदा बांधून पाहिला. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आम्ही सगळे पुन्हा त्यांच्या केबिनमधल्या टेबलाखालून पार्सलं उचलायला लागलो. लॉकरच्या माथ्यावर आता मांजरी झोपतात.

ड्रोनने येणाऱ्या पार्सलांसाठी लॉकर आखायला बसलात तर आधी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. अशा बैठकांत सगळ्यांच्या माना वर असतात: ड्रोन कुठून येणार, किती उंचीवरून, कसा उतरणार. ती विद्या बरीचशी हाती आली आहे. २०१६ च्या जानेवारी ते मार्चमध्ये डीएचएलने जर्मनीतल्या बव्हेरियात राइट इम विंकल या गावातून विंकलमोसआल्म या डोंगरावरच्या पठारापर्यंत ड्रोन उडवले. दोन्ही टोकांना लॉकर, लोकांनी पार्सल कप्प्यात ठेवायचं, पुढचं सगळं यंत्राने. चढवण्या-उतरवण्याच्या १३० फेऱ्या झाल्या. हिवाळ्यात गाडीला जिथे अर्धा तास लागतो ते अंतर ड्रोन आठ मिनिटांत कापत होता. चीनमधल्या शेनझेनमध्ये मेइतुआन ही कंपनी २०२१ पासून वस्त्यांमधल्या खोक्यांवर जेवण आणि औषधं उतरवते. खोकं व्हेंडिंग मशीनएवढं, ड्रोन त्याच्या डोक्यावर उतरतो, डबा आत सरकवून निघून जातो आणि गिऱ्हाईक खालून आपली वस्तू घेतं. आभाळातली बाजू जमते. घोळ होतो तो झाकणापासून माणसाच्या हातापर्यंतच्या आठ-दहा फुटांत, म्हणून आखणी हातापासून सुरू करा आणि वर चढत जा.

त्याही आधी, लॉकर हवा आहे का हे तपासा. ज्या वस्तीत दुचाकीवरचा मुलगा दहा मिनिटांत दारात येतो तिथे ड्रोन म्हणजे हौस. रस्ता नाही, असून उपयोगाचा नाही किंवा मध्ये डोंगर-पाणी आहे, अशा ठिकाणी त्याला अर्थ येतो. महाराष्ट्रात मला सगळ्यात आधी माथेरान आठवतं. खासगी गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे घोडा, हातगाडी, अलीकडे ई-रिक्षा. टपाल खात्याने २०२५ मध्ये कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल पाठवून पाहिलं, ते उगाच नव्हे. पण माथेरानची गोम पाहा. नेरळहून येणारी मिनीट्रेन पावसाळ्यात बंद असते, म्हणजे ड्रोनची खरी गरज जून ते सप्टेंबर, आणि मुसळधार पाऊस, धुकं, वारा यांमुळे ड्रोन जमिनीवर बसून राहतो तोही नेमका त्याच महिन्यांत. म्हणून अशा जागी लॉकर आखताना ‘पार्सल आलं की दोन तासांत उचललं जाईल’ हा हिशेब चालत नाही. आभाळ उघडलं की दोन दिवसांचा माल एकदम येणार आणि गिऱ्हाईक मात्र पाऊस ओसरायची वाट बघत घरात बसणार. कप्पे तेवढे लागतात.

कप्पे किती, याचा हिशेब सोपा आहे आणि तो विक्रेत्यावर सोडू नका. फाटकावरच्या नोंदवहीतून पंधरा दिवसांची पार्सलं मोजा. ड्रोन नेईल एवढीच घ्या. शेनझेनमधले ड्रोन साधारण अडीच किलो उचलतात, म्हणजे तांदळाची गोणी आणि मिक्सर बाद, बुटाचं खोकं आणि औषधाची पिशवी आत. मग गर्दीच्या वेळी तासाला किती येतात आणि एक पार्सल कप्प्यात किती तास पडून राहतं, या दोन आकड्यांचा गुणाकार करा. समजा संध्याकाळी तासाला आठ येतात आणि लोक सरासरी तीन तासांनी नेतात, तर एका वेळी चोवीस कप्पे भरलेले असतील. वर पाव हिस्सा राखीव ठेवला की झाले तीस. आता तासाभराने आठवणीचा एक मेसेज गेला आणि तीन तासांचे दोन झाले, तर सोळा अधिक चार, वीसच पुरतात. दहा कप्प्यांचा पत्रा, कुलपं आणि वायरिंग एका मेसेजने वाचलं. आणि कप्पे शक्यतो एकाच मापाचे ठेवा. ड्रोनचा डबा ठरलेल्या मापाचा असतो, मग लहान-मध्यम-मोठे अशी चाळ बांधून आतल्या सरकयंत्राला गोंधळात पाडण्यात मतलब नाही.

जागेबद्दल माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. उंच इमारतीची गच्ची सगळ्यांना पहिल्यांदा सुचते. वर आभाळ मोकळं, खरंच. पण पार्सल बाविसाव्या मजल्यावर उतरवून ते खाली कसं आणणार? वेगळी लिफ्ट परवडत नाही. लोकांना गच्चीवर पाठवायचं तर गच्चीचं दार उघडं ठेवावं लागतं, आणि ते कोणती कमिटी ठेवेल? शिवाय वर पाण्याच्या टाक्या, सोलर, डिश आणि तडितरक्षकाचा दांडा. उलट जमिनीवरच्या खोक्याला झाडं, तारा आणि क्रिकेट खेळणारी पोरं आडवी येतात. मधली जागा शोधा. एक मजली क्लबहाउस, सोसायटीचं ऑफिस, पंपरूम, पार्किंगच्या पोडियमची कड. ड्रोन दहा-बारा फुटांवरच्या स्लॅबवर उतरतो, कुणाच्या हाताला लागत नाही, आणि पार्सलाला एकच मजला खाली यायचं असतं. गावात हेच काम ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य उपकेंद्राच्या स्लॅबवर होईल.

जागा पक्की करण्याआधी एक चौकोनी कागद घ्या आणि तिरकी घडी घालून त्रिकोण करा. तो झाला पंचेचाळीस अंशांचा गुण्या. ड्रोन उतरायच्या जागी उभं राहून त्रिकोणाची एक बाजू जमिनीला समांतर धरा आणि तिरक्या कडेवरून चहूकडे बघा. त्या रेषेच्या वर जे डोकावतं ते नडणार. केबलवाल्याने दोन इमारतींमध्ये टाकलेली तार या खेळात हमखास सापडते. एरवी ती आपल्याला दिसतच नाही, ड्रोनच्या कॅमेऱ्यालाही तितकीच अवघड. नारळाचं झाड रेषेखाली असलं तरी जवळ नको. झावळी पडते आणि नारळ तर पडतोच. कागदाचा गुण्या परवान्याला चालत नाही, पण चुकीच्या जागेवर सर्वेक्षणाचा खर्च करण्यापासून नक्की वाचवतो.

खिडक्या मोजा. घरघर करत ड्रोन जितका वेळ हवेत तरंगेल तितकी भांडणं वाढतील. काही ड्रोन वर तरंगत राहून दोरीने पार्सल खाली सोडतात. बाग असलेल्या बंगल्यांना ते ठीक, पण आपल्याकडच्या दाट वस्तीत बसून, टाकून, चटकन निघणारा बरा. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. रात्रीची उड्डाणं पहिल्याच ठरावात बंद करून टाका, पुढचा वाद टळेल.

आता माथा. इथे पावसाचा विचार आधी, ड्रोनचा मागाहून. सपाट पत्र्याचा माथा केलात तर त्यावर पाणी साचतं, ड्रोनच्या पंख्यांच्या वाऱ्याने ते उडतं आणि झाकण उघडताच आत जातं. त्यामुळे उतरायची जागा जाळीची हवी. पाणी जाळीतून खालच्या उतारावर, उतारावरून पन्हळीत, पन्हळीतून मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला पागोळ्या गळता कामा नयेत, तिथे माणूस उभा असतो. झाकणं दोन लागतात, एकाखाली एक, मध्ये डबा मावेल एवढी पोकळी. वरचं उघडलं की खालचं बंद, खालचं उघडलं की वरचं बंद, दोन्ही एकदम कधीच नाही. यामुळे पाऊस थांबतो, कावळा थांबतो आणि खालून हात घालून वरपर्यंत पोचू बघणारा शेजारचा बंटीही थांबतो.

कावळ्याला हसू नका. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या एका उपनगरात डोमकावळ्यांनी विंग कंपनीच्या ड्रोनवर झडप घातली आणि तिथली सेवा कंपनीला काही काळ थांबवावी लागली. विणीचा हंगाम होता. आपल्याकडे कावळे पावसाच्या तोंडावर घरटी बांधतात, त्यांत तारेचे तुकडे आणि कपड्यांचे हँगर सर्रास असतात. उंचावरची, माणसांचा वावर नसलेली जाळीदार जागा म्हणजे त्यांना आयतीच मांडणी. मे महिन्यात आठवड्याला एकदा शिडी लावून माथा बघायचं काम कुणाचं, हे नावानिशी लिहून ठेवा. तेव्हाच निशाणीही पुसून घ्यायची. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असू शकते आणि झाकण असतं हातभर, म्हणून शेवटच्या टप्प्यात बरेच ड्रोन माथ्यावर रंगवलेली काळी-पांढरी चौकटीची खूण कॅमेऱ्याने वाचतात. त्या खुणेवर कबुतराची शिट पडली की ती वाचताना घोटाळा होतो. रंग चकचकीत ऑइलपेंटचा नको, ओला झाला की चमकतो, मॅट घ्या. माथेरानसारख्या ठिकाणी माकडंही आली. वरच्या झाकणाला बाहेरून बोट अडकेल अशी एकही कड ठेवू नका. बिजागऱ्या आतून, कडा गोल, आणि वर काहीही खाण्याचं उघडं उतरणार नाही याची खात्री. माकडाला एकदा जमलं की ते रोज येतं, आणि एकटं येत नाही.

ड्रोन कधी तरी पडणार, हे धरूनच चला. झुरिकमध्ये मे २०१९ मध्ये स्विस टपाल सेवेसाठी उडणारा ड्रोन कोसळला. पॅराशूट उघडलं होतं, पण त्याची दोरी तुटली. जवळच लहान मुलं होती. ती बचावली, उड्डाणं मात्र थांबवली गेली. त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच: माणसं जिथे उभी राहतात ती जागा ड्रोनच्या वाटेखाली येऊ देऊ नका. ड्रोन मागून येईल, कप्पे पुढे उघडतील, आणि पुढे निदान चार फूट बाहेर येणारा मजबूत छज्जा असेल. प्लास्टिकचं पन्हळी पान छज्जा म्हणून चालणार नाही. छज्ज्याचं तोंड कुठे करायचं हे आमच्या निळ्या लॉकरने शिकवलंच आहे. कोकण-मुंबईकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, तर पाठ तिकडे करा आणि तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. वायरिंगचा पाइप चार मीटर लांब पडला तर पडू दे.

जोत्याचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा पाणी कुठवर चढलं याची खूण बऱ्याच जुन्या इमारतींत रहिवासी बोटाने दाखवतात. त्या खुणेच्या वर लॉकर न्यायचा तर जोतं उंच लागतं, आणि एक फूट जोत्याला एकास बाराच्या उताराने बारा फूट रॅम्प लागतो. तेवढी जागा फाटकाशी कोण देणार? यावर मला पटणारा तोडगा असा: जोतं सहा इंचांचंच ठेवा, रॅम्प सहा फुटांत बसेल. बॅटरी, कंट्रोल बोर्ड, कुलपांच्या वायरींचे जोड, हे सगळं कमरेच्या वर घ्या. सगळ्यात खालच्या दीड फुटात कप्पेच नकोत, रिकामी जाळीची बैठक राहू दे. पाणी आलं तर आलं, उतरलं की धुऊन घ्यायचं. वाकायला लावणारे खालचे कप्पे आपोआप गेले, हा वरचा फायदा.

कारण गुडघे. लॉकर वापरायला सगळ्यात जास्त वेळ असतो तो निवृत्त माणसांना, आणि ड्रोनने यायला सगळ्यात योग्य असतात ती त्यांचीच औषधं. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात जमिनीपासून साधारण ४०० ते १२०० मिलिमीटर पोचतो आणि खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते. सगळे कप्पे या पट्ट्यात बसणार नाहीत, पण निम्मे बसतील. खातं उघडताना ‘मला मधला कप्पा हवा’ अशी खूण करायची सोय द्या आणि यंत्राने ती पाळावी. कारण विचारू नये. पडद्यावर मराठी, अक्षरं ठसठशीत. स्मार्टफोन नसलेल्याला एसएमएसने चार आकडी पिन, आणि तो पिन नातवाला किंवा कामाला येणाऱ्या मावशींना देता आला पाहिजे. प्रत्येक वेळी चेहरा दाखवा, क्यूआर धरा असले सोपस्कार नकोत. कीपॅडचे आकडे बोटाला लागतील असे उठावाचे. आणि पडद्यावर नाव आणि औषधाच्या दुकानाचं नाव झळकवू नका. मागे उभ्या असलेल्या सावंतकाकूंना सगळं कळायची गरज नाही.

वीज गेली तर कुलपं बंदच राहावीत, पण किल्लीने उघडता यावीत, आणि ती किल्ली ऑफिसात हवी, विक्रेत्याच्या गावी नव्हे. बॅटरी निदान चार तासांची घ्या. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ड्रोन निघण्यापूर्वी लॉकरला विचारून निघाला पाहिजे: कप्पा रिकामा आहे का, दोन्ही झाकणं हलतात का, वारा बेताचा आहे का. तिन्हींना हो आलं की तो कप्पा त्या पार्सलाच्या नावे अडवला जातो, तोवर उड्डाण नाही. ही अट कंत्राटात लिहून घ्या. डोक्यावर ड्रोन येऊन ठेपल्यावर ‘जागा नाही’ म्हणणारा लॉकर कुणाच्या कामाचा?

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ चे आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे चिमुकले सोडले तर ड्रोनला विमा लागतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते कमिटीने स्वतः बघावं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. मुंबईचा आणि पुण्यात लोहगावच्या आसपासचा बराच भाग इथेच अडतो, शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात ते वेगळंच. चालकाच्या नजरेपलीकडे ड्रोन उडवायची परवानगी ही उडवणाऱ्या कंपनीची जबाबदारी. तिचा कागद पाहिल्याशिवाय स्लॅबला ड्रिल लावू देऊ नका. सामाईक जागा वापरायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि अग्निशमन गाडीचा रस्ता, रेफ्युज एरिया, जिन्याचं तोंड यांना हात लावायचा नाही.

काय घ्यायचं नाही याचीही पाटी लावा: ज्वालाग्राही काही नाही, फटाके नाहीत, चोवीस तासांपुढे काही नाही. थंड ठेवायच्या औषधांसाठी एक-दोन कप्पे वेगळे राखावेत, त्यांना थर्माकोलची जाड भिंत आणि आतलं तापमान दाखवणारा आकडा. इन्शुलिनला २ ते ८ अंश लागतात, आणि एप्रिलमध्ये उन्हात तापलेला पत्र्याचा कप्पा म्हणजे भट्टीच. आणि सुकट, बोंबील, सोडे यांना कितीही पॅकिंग केलेलं असो, बंदी. मी स्वतः सुकट खाणारा आहे, तरी सांगतो.

सगळं बांधून झालं की ड्रोन लगेच बोलावू नका. पहिला महिना माणसानेच शिडीवर चढून वरच्या झाकणातून पार्सलं टाकावीत. सरकयंत्र कुठे अडकतं, कोणता कप्पा कुणाला सापडत नाही, मेसेज किती उशिरा येतो, ते सगळं याच महिन्यात कळतं, आणि तेही कुणाच्या डोक्यावर काही न पडता. शक्य असेल तर हा महिना जुलै धरा. मग एका संध्याकाळी, पाऊस लागलेला असताना, इमारतीतल्या सत्तरीच्या एखाद्या आजोबांना विनंती करा: एका हातात उघडी छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि तुमचं पार्सल घेऊन दाखवा. कुणी मदत करायची नाही, बाजूला उभं राहून बघायचं. छत्री कुठे ठेवू म्हणून ते इकडेतिकडे बघतील. पिशवी ओल्या जमिनीवर टेकवतील, पिन दाबतील, कप्प्याचं दार छत्रीवर आपटेल. त्याच रात्री सुताराला फोन करून कीपॅडशेजारी एक फळी आणि कमरेच्या उंचीवर दोन जाड हूक लावून घ्या. एक छत्रीला, एक पिशवीला.